डावीकडची धुराडी

अल्लीपुरात सरकारी माहितीपट फुकट दाखवत आणि मग सगळ्यांसमोर चर्चा होई. गडीमाणसं पडद्यासमोर बसत, बाया पडद्यामागे. मनकर्णाबाईने दोनदा विनवलं, "आम्हालेबी समोर बसू द्या जी." सरपंच रूपराव हसून म्हणाले, "मांगूनबी तेच दिसते, वहिनी."

बिनधुराच्या चुलीचा माहितीपट झाला आणि महिन्याभरात वीस घरांत बायांनी तशा चुली बांधल्या. पुढच्या खेपेला माहितीपट घेऊन आलेल्या सरकारी साहेबांनी त्या पाहिल्या. धूर छान बाहेर जात होता, पण चर्चेत त्यांनी कपाळाला हात लावला. "धुराडं उजवीकडे दाखवलं होतं. सगळ्यांनी डावीकडे कसं बसवलं?"

मनकर्णाबाई पडद्यामागून पुढे आली आणि गड्यांकडे हात करत म्हणाली, "मांगून तसंच दिसलं, साहेब. चुली बांधाव आम्ही, अन् समोर बसाव यायनं!"

सारा चौक खो खो हसला. रूपरावांनी पुढची सतरंजी रिकामी करवली.

बाया समोर येऊन बसल्यावर साहेबांनी हळूच विचारलं, "पण बाई, मागून उलटं दिसतं हे खरंच कळलं नव्हतं?"

"कळलं होतं ना," मनकर्णाबाई पदराआड हसली. "सुलट बांधल्या असत्या, तर तुम्ही इचारलं असतं काय?"