काळ्या कोटाचा खिसा

तीस वर्षं नवऱ्याचे, ऑर्विलचे, कपडे धुताना खिशांत सापडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मी गॅरेजमधल्या घमेल्यात टाकत आले. झाडलेल्या काडतुसाचं पितळ धड असेल तर पुन्हा भरता येतं. शिकारीच्या हंगामाआधी ऑर्विल आणि माझा भाऊ ड्वेन पुंगळ्या निवडत होते. “ह्या तिन्हींच्या तोंडाला चुण्या पडल्यात, दाजी,” ड्वेन म्हणाला. “बिनगोळीच्या, नुसत्या आवाजाच्या काडतुसांच्या. कुठून उचलता हा कचरा?” त्याने त्या भंगाराच्या बादलीत भिरकावल्या. ऑर्विलचा हात थांबला. “लुएला, माझा काळा कोट धुतलास?” धुतला होता, नेहमीसारखे खिसे रिकामे करून. आमच्या फौजी मुलाच्या थडग्यापाशी सैनिकांनी मानवंदनेचे बार काढून त्यांतल्या तीन पुंगळ्या काळ्या कोटातल्या बापाच्या हातात दिल्या होत्या. ऑर्विलने बादली उपडी केली. आम्ही तिघं गुडघ्यांवर शोधत राहिलो. तिन्ही सापडल्यावर तो बाहेर जाऊन दोरीवरच्या ओल्या कोटाच्या खिशात परत ठेवून आला.