पहिला सुरुंग

एकाहत्तरच्या लढाईत विमानातून बॉम्ब टाकून वीरचक्र मिळवलेला लेक हणमंत सुट्टीवर आलाय म्हटल्यावर, नव्या विहिरीचा पहिला सुरुंग त्याच्याच हातानं उडवायचा, असं आबांनी परस्पर ठरवून टाकलं.

पण हणमंताचा पाय एका जागी ठरेना. त्यानं शेताला दोन फेऱ्या मारल्या, बांधावर गवत कापणाऱ्या बायांना लांब पाठवलं, म्हैस सोडून ओढ्यापलीकडं बांधली, कोपऱ्यातल्या खोपटात डोकावून आला.

"आरं, कोणी न्हाई आता," आबा वैतागले. "लढाईत बी असंच करायचास काय?"

हणमंतानं सुरुंगाची वात पेटवली आणि बांधाआड येऊन बसला.

जमीन हादरली, छातीत दणका बसला, दगडमाती उडून पार चिंचेपर्यंत पडली. लोक हसत विहिरीकडं धावले. हणमंत मात्र कानांवर हात दाबून तसाच बसून राहिला.

"येवढे बॉम्ब टाकलेस, अन् ह्याला दचकलास व्हय?" आबांनी विचारलं.

"वर विमानात ह्यो आवाज कधी आला न्हाई, आबा," तो म्हणाला, आणि उठून पुन्हा खोपटात कोणी राहिलंय का ते बघायला निघाला.