एकाच हातचं अक्षर

"हे सगळं एकाच माणसानं लिहिलंय," जुना मोबाइल भिंगाखाली धरून मोरेश्वरराव म्हणाले. बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. "गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, तुझी बहीण! 'क'ची शेपटी बघ, तंतोतंत तीच."

"अहो, अक्षर दिसत नाही म्हणालात म्हणून सकाळी मीच फॉन्ट बदलला," कुंदाताई म्हणाल्या. "तो हातानं लिहिल्यासारखाच दिसतो."

"हात माणसाला असतो. फोनला नाही."

तेवढ्यात धाकट्या भावाचा, त्र्यंबकचा मेसेज आला. नऊ वर्षांच्या अबोल्यानंतरचा पहिलाच. 'दादा, चुकलो मी. ये ना घरी.' मोरेश्वररावांचे डोळे भरून आले. मग त्यांनी भिंग लावलं.

"बनावट! त्र्यंबकचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे त्याचं नव्हेच."

रागारागानं त्यांनी उत्तर टाइप केलं, 'कोण आहेस तू?' आणि पाठवण्याआधीच त्यांचं बोट थांबलं. 'क'ची शेपटी तीच होती.

त्यांनी तीनदा ताडून पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांचा निकाल एकदाही चुकला नव्हता.

"कुंदा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे सगळं मीच लिहिलंय. माफीसुद्धा."

त्यांनी त्र्यंबकला फोन लावला आणि घसा खाकरला. "अरे, मी तुझी माफी मागितलीये. पोचली का?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आत्ता पोचली, दादा."