वकिलांची चौकशी

"एकटंच आलंय, का मागं मानसं हायत?" भीमाबाईनं दाराआडून हळूच विचारलं.

श्रीपतनं ओटीवरून मान उंच करून पाहिलं. कडावच्या एस.टी. थांब्याकडून येणाऱ्या बांधावर दत्तोपंत वकील एकटेच होते. चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरातली दुपार होती. खळ्यांवर भात झोडणारी माणसं हात थांबवून त्यांच्याकडं बघत होती. कर्जतचा ब्राह्मण वकील बौद्धवाडीत पायी आलेला कोणी पाहिला नव्हता.

"एकटंच दिसतंय," श्रीपत म्हणाला. "तू पानी आन गं."

"आपल्या घरचं पानी पितील?"

श्रीपतनं घरातली एकुलती खुर्ची ओटीवर आणून ठेवली.

गेल्या रविवारी त्यांच्या मुलानं, हिरामणनं, घरात सांगून टाकलं होतं. रसायनीच्या एका कारखान्यात तो केमिस्ट होता. वकिलांची मुलगी उमा त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. दोघांना रजिस्टर लग्न करायचं होतं. तेव्हापासून भीमाबाई धड जेवली नव्हती. सून म्हणून तिनं भावाची येसू कधीचीच धरून ठेवली होती. "ती पोरगी माझ्या चुलीपाशी बसंल का? का नाकाला पदर लावंल?" एवढंच ती पुन्हापुन्हा विचारत होती.

श्रीपतची भीती वेगळी होती. पलीकडच्या तालुक्यात असंच एक लग्न झालं, तेव्हा पोराच्या बापाच्या पेंढ्याच्या उडव्या पेटवल्या होत्या. पोरगा महिनाभर दवाखान्यात होता. कोणी केलं ते सगळ्या गावाला माहीत होतं, पण तोंड कोणी उघडलं नाही.

दत्तोपंतांनी चपला ओटीखाली काढल्या आणि ते खुर्चीत बसले. भीमाबाईनं तांब्या-पेला पुढं केला. त्यांनी पेला हातात घेतला, तोंडाला मात्र लावला नाही. भीमाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं आणि ती आत गेली.

"हिरामण कामावर गेलाय ना?" दत्तोपंतांनी विचारलं.

"हा. पयली पाळी हाय."

"आज यायला उशीर नाही ना होणार?"

"नाय. का वो?"

"सहज विचारलं." त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. "दिवसभर घरी तुम्ही दोघंच असता?"

"दोघंच."

"मागच्या बाजूला दार आहे?"

श्रीपतनं वळून मागच्या दाराकडं पाहिलं. "हाय," तो म्हणाला.

"त्याला आतून अडसर?"

"हाय."

दत्तोपंतांनी मान हलवली, जणू पुढं काय करायचं ते मनात जुळवत होते. कोर्टात श्रीपतनं त्यांना एकदा पाहिलं होतं. जमिनीच्या दाव्यात समोरच्या साक्षीदाराला ते असंच हळू आवाजात विचारत गेले होते. साक्षीदार कधी अडकला ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"पोलीस पाटलाशी तुमचं कसं आहे?"

"बरं हाय."

"बरं म्हणजे? उद्या काही कमीजास्त झालं, तर तो तुमच्या बाजूनं उभा राहील?"

आत काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला.

"माझ्या धाकट्या भावाचं तुम्ही ऐकलं असेल," दत्तोपंत पुढं म्हणाले. हातातला पेला त्यांनी घट्ट आवळला होता. रागानं, असं श्रीपतला वाटलं. "फार तापट आहे. चार माणसं नेहमी बरोबर असतात त्याच्या. मी सांगून तो ऐकायचा नाही. हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं."

भीमाबाई बाहेर आली. तिनं पदर गच्च धरला होता.

"सायेब, एकुलता एक हाय वो आमचा. त्याच्या अंगाला हात लावू नका. तुमच्या पाया पडते."

"अहो बाई, मी..."

"थांब गं." श्रीपत उठून उभा राहिला. "पाया कोनाच्या पडायचं नाय. वकीलसायेब, तुमी सांगायच्या आधी मीच सांगतो. ह्ये लगीन होनार नाय."

दत्तोपंतांची नजर पुन्हा रस्त्याकडं गेली.

"तुमच्या पोरीत खोट हाय म्हनून नाय. माझा पोरगा कमी हाय म्हनून तर मुळीच नाय. पन उद्या त्याची हाडं मोडली, तर तुमी कोर्टात कोनाच्या बाजूनं उभं ऱ्हानार, ते मला ठावं हाय. सांजच्याला हिरामण आला की मी त्याला आईची शप्पथ घालतो. तुमची उमा या घरात पाय ठेवनार नाय. झालं तुमचं समाधान?"

आता वकिलांचा चेहरा सैल होईल, ते उठतील, चपला घालतील, असं श्रीपतला वाटलं. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पेला कसाबसा खाली ठेवून ते ओटीच्या कडेपर्यंत गेले. थांब्याकडं बघत उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचे दोन्ही हात जोडलेले होते.

"असं म्हणू नका हो," ते म्हणाले. "भावानं उमाला आज कोंडून घालायचं ठरवलं होतं. मला सकाळी कळलं. मीच तिला घराबाहेर काढलं, आता त्या घरात तिला परत नेता यायचं नाही. ती मागच्या गाडीनं येतेय. तुम्ही तिला आत घ्याल ना, एवढंच विचारायला मी पुढं आलो होतो."