मुळासकट

वाचकहो, या कथेत एका वहीची, एका सुनेवर आलेल्या आळाची आणि एका नावाची हकीकत यथाक्रम सांगण्यात येईल. त्यात काहीही गाळले जाणार नाही. नाव मात्र सर्वांत शेवटी येईल.

सारजाबाईंनी ते जाडजूड पुस्तक अर्ज लिहिणाऱ्याच्या टेबलावर आपटले, तेव्हा पेल्यातला चहा हिंदकळून कोऱ्या कागदांवर सांडला. वेल्ह्याच्या तहसील कचेरीसमोर बसलेली माणसे वळून पाहू लागली.

"लिवा," त्या म्हणाल्या. "माज्या आईची वही चोरली म्हणून लिवा."

"कोणाविरुद्ध?"

"सुनंविरुद्ध. शेफाली नाव तिचं."

अर्ज लिहिणाऱ्याने आधी रुमालाने हात पुसले आणि मग पुस्तक उघडले. छापील पुस्तकाविषयी त्यास फार आदर. एका बाजूस जुन्या राजदरबारातील रेशमी भरतकामाची छायाचित्रे होती. दुसऱ्या बाजूस, ज्यांवरून ते भरले गेले, ती वनस्पतींची चित्रे.

ती चित्रे सारजाबाईंच्या आईने, ठकुबाईने काढलेली होती. ठकुबाई दरबारच्या वैद्याला रानातून औषधी मुळ्या पुरवीत असे. तिला अक्षरओळख नव्हती. वैद्याने भलतीच मुळी उगाळू नये म्हणून ती प्रत्येक वनस्पती मुळापासून बीपर्यंत वहीच्या एकेका पानावर रंगवी. राणीसाहेबांना ती वही इतकी आवडली की त्यांनी शेल्यांचे काठ तिच्यावरून भरून घेतले आणि वही मानाने परत पाठविली. भरणाऱ्या बायका मोठ्या इमानी. त्यांनी फुलांखाली मुळेसुद्धा भरली, आणि चित्रातल्या कळलावीच्या वेलाचे एक पान किडीने खाल्लेले होते, तेही भोकासकट भरले.

त्या भोकावरूनच सारजाबाईंनी भोरच्या प्रदर्शनात आईचा हात ओळखला होता. काचेखाली आईची वही होती. पाटीवर लिहिले होते, चित्रकार अज्ञात. हे पुस्तक त्यांनी तिथेच विकत घेतले.

"त्यांना फुलं दिसली, मुळं दिसली, भोक सुदिक दिसलं," सारजाबाई म्हणाल्या. "माजी आई तेवढी दिसली न्हाई."

"पण सुनेवर संशय कशावरून?"

"धरणात जमीन गेल्याचा दाखला काढायचा म्हणून पेटीतल्या वहीसकट समद्या कागदांचं गाठोडं तिनंच हितं तुमच्याकडं आणलं, तिनंच परत नेलं. आन भोरला चला म्हणून तीच मागं लागली. मोबाईलवर बगितलं म्हनं. ठावं असल्याबिगर कशी नेती?"

अर्ज लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवले. "आजी, घरातली गोष्ट आहे, घरात मिटवा. पोलिसांत एकदा नाव गेलं की पुसलं जात नाही."

"तुमी लिवायचं काम करा. न्याय करायचं नगा."

त्याने लिहावयास घेतले.

"त्या पुस्तकात आनखी काय हाय? शेवटपातूर वाचा."

तो वाचत गेला. अखेरच्या पानाशी येऊन त्याने पुस्तक मिटले. "पुढं नुसती आभाराची नावं. त्यात तुमच्या कामाचं काही नाही."

"आभार मानायला बरी नावं घावली त्यांना," सारजाबाई म्हणाल्या.

त्याने सांडलेला चहा पुसला. अर्ज तीन पानी झाला. अक्षर मोत्यासारखे होते. सारजाबाईंनी अंगठा असा दाबला की कागद टेबलाला चिकटला.

पोलिसांत देण्यापूर्वी तो अर्ज सुनेच्या तोंडावर मारावा, म्हणून त्या एसटीने आपल्या गावी गुंजवण्यास परतल्या. गाडीत त्यांनी दोघांची जागा अडविली. कंडक्टरनेही सरका म्हटले नाही.

शेफाली अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडीत होती.

"वाच. मोठ्यानं."

शेफालीने तिन्ही पाने वाचली. स्वतःचे नाव आले तिथेही ती अडखळली नाही. "अक्षर छान आहे, आत्याबाई," ती म्हणाली. "लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा माझं नाव इतकं सुरेख आलं नव्हतं."

"तोंड वर करून बोलती. त्या पुस्तकात बी आसंल तुजं नाव. आभाराच्या पानावर. काड."

शेफालीने पुस्तक मांडीवर घेतले आणि अखेरचे पान उघडले.

"'ही अमोल वही ज्यांनी मोठ्या मनाने आमच्या स्वाधीन केली, ते...'" तिने नाव वाचले, आणि आता मात्र ती अडखळली.

"फिरून वाच."

तिने पुन्हा वाचले.

सारजाबाईंनी सुनेच्या पुढ्यातले सूप आपल्याकडे ओढले आणि त्या तांदूळ निवडू लागल्या. चूक कबूल करण्याची त्यांची तीच रीत होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने सासूसुना वेल्ह्यास आल्या. सारजाबाईंनी आज पुस्तक आपटले नाही. आभाराचे पान उघडून त्यांनी ते टेबलावर हळूच ठेवले आणि शेफालीने दाखविलेल्या नावाखाली बोट टेकवले.

"नवा अर्ज लिवा."

अर्ज लिहिणाऱ्याने कोरा कागद पुढे ओढला. "कोणाविरुद्ध?" सवयीप्रमाणे त्याने विचारले.

सारजाबाईंचे बोट हलले नाही.

"ह्याच्याविरुद्ध. पयल्यापासून लिवा, चहा सांडला तिथपासून. माज्या आईचं नाव घाला. म्या सुनंवर आळ घेतला त्येबी घाला. न्हाईतर गोष्टीवानीच लिवा. पोलिसांनी नुसतं वाचून उपेग न्हाई, गावानं वाचलं पायजे."

"आणि खाली अंगठा तुमचा?"

"न्हाई. खाली ह्या नावाची सही पायजे. आन वाचणाऱ्यांचे आभार माना, त्या पुस्तकात मानल्यात तसे."

शेवटपर्यंत वाचलेत, त्याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला,
ज्ञानू विठोबा भुरुक,
अर्ज लिहिणारा, तहसील कचेरीसमोर, वेल्हे.