बेटावरचा जुळा

फेरीबोटीवर चढताना खलाशाने म्हाताऱ्याला हात दिला. "हळू, एवेलियोकाका! डावा गुडघा काय म्हणतोय?"

"अजून माझ्याच पायात आहे," म्हातारा म्हणाला आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसला.

मायेला खलाशाकडे बघतच राहिली. म्हातारा तिचे वडील, आणि त्यांचं नाव एवारिस्तो. एवेलियो हा त्यांचा जुळा भाऊ, आणि असा कुणी भाऊ आहे हे तिला कळून जेमतेम आठ दिवस झाले होते.

"पाहिलंस?" वडील म्हणाले. "म्हणालो नव्हतो, आम्ही सारखे दिसतो?"

"आजोबा, पण गुडघासुद्धा तोच दुखतो?" अकरा वर्षांच्या नोहेलियाने विचारलं.

"जुळ्यांचं तसंच असतं, बाळा."

बोट सुटली. वाऱ्याने तळ्याला समुद्रासारख्या लाटा आल्या होत्या. समोर ओमेतेपे बेटाचे दोन ज्वालामुखी होते, एक टोकदार, एक बुटका, दोघांच्या डोक्यावर ढग. मायेलाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती वडिलांचा चेहरा वाचत होती.

एवारिस्तोने जन्मभर आपल्या गावचे, मासायाचे, विणलेले झोपाळे विकले. खांद्यावर गाठोडं टाकून महिन्यातले पंधरा दिवस तो गावोगाव फिरायचा. मायेलाची आई गेल्या वर्षी वारली, तरी त्याची फिरती थांबली नव्हती. मग डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, आता घरी बसा. त्या संध्याकाळी जेवताना त्याने घास ताटात परत ठेवला आणि म्हणाला, "ओमेतेपेवर माझा जुळा भाऊ असतो. एकदा तुम्हा दोघींना तिथं घेऊन जायचंय."

"पपा! मी अडतीस वर्षांची झाले. एकदाही बोलला नाहीत?"

"भांडण होतं."

"कशावरून?"

"एका बाईवरून," तो म्हणाला, आणि पुढे कितीही खोदलं तरी त्याने तोंड उघडलं नाही.

मायेलाला राग आला होता, पण त्याहून जास्त आनंद झाला होता. ती एकुलती एक. नाताळात शेजारच्या घरांत चुलत-मावसभावंडांचा गोंधळ चालायचा आणि त्यांच्याकडे तीन ताटं वाढली जायची. नवऱ्याने सोडल्यावर नोहेलिया आणि ती, त्याही दोघीच. आता कुठेतरी एक काका होता. कदाचित काकू, चुलत बहिणीसुद्धा. तिने पिशवीभर रोस्कियास घेतल्या होत्या, मक्याची ती खारी बिस्किटं. काकाला आवडतात का असं विचारल्यावर वडील म्हणाले होते, "माझ्याइतकीच."

मोयोगाल्पाच्या धक्क्यावर उतरल्यावर औषधाच्या दुकानातल्या बाईने हाक मारली, "एवेलियो, तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आल्यात बरं का!"

"हे ते नव्हेत, ताई," मायेलाने हसून सांगितलं. "हे त्यांचे जुळे भाऊ."

बाई काउंटरवरून वाकली. "मग एवेलियोने कधी सांगितलं नाही ते?"

"ह्यांनी तरी कुठं सांगितलं होतं!"

बाई हसली. म्हातारा बसकडे चालू लागला होता.

बस केळीच्या बागांमधून धक्के खात निघाली. बाल्ग्वे गावाच्या अलीकडे एक पोक्त माणूस चढला. म्हाताऱ्याला बघताच त्याने कमरेवर हात ठेवले. "रविवारी बारशाला आला नाहीस. तुझ्यासाठी अख्खी कोंबडी राखून ठेवली होती, लबाडा!"

"तब्येत बरी नव्हती," म्हातारा पुटपुटला.

मायेला काही बोलणार तोच वडिलांनी तिच्या हातावर हात ठेवला. प्रत्येकाला काय काय समजावत बसणार, असं तिला वाटलं आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.

बसमधून उतरल्यावर पायवाट लागली. नोहेलिया पुढे पळाली. म्हातारा दर वीस पावलांवर थांबत होता.

"पपा, घाबरलात?"

"हो."

"त्यांनी दार लावून घेतलं तर?"

"तर तिथंच पायरीवर बसायचं," तो म्हणाला. "तू नाही ना परत जाणार?"

"मी कशाला जाईन? इतक्या वर्षांनी माणसं मिळतायत."

त्याने गुडघा चोळला आणि तो पुन्हा चालू लागला.

निळ्या रंगाचं घर होतं. दार मायेलानेच वाजवलं. साठीची एक ठेंगणी बाई ओले हात पुसत आली. आधी तिला म्हातारा दिसला.

"लवकर आलास! अजून आठवडा होता ना?"

मायेला आता या गोष्टीला सरावली होती. "काकू, मी मायेला. तुमच्या मिस्टरांच्या भावाची मुलगी. आणि हे काका नव्हेत, हे माझे वडील. मासायाचे."

बाई खदखदून हसली. मग तिने मायेलाकडे नीट पाहिलं, नोहेलियाकडे पाहिलं, आणि तिचं हसू विरत गेलं.

"मासायाचे?" ती हळू आवाजात म्हणाली. "ते तर अंथरुणाला खिळून असतात ना? हा अर्धा महिना त्यांची सेवा करायला जातो म्हणून तर..."

म्हातारा दोघींच्या मधून उंबऱ्यावर चढला. डोक्यावरची टोपी काढून, न बघताच हात मागे नेत त्याने ती दारामागच्या खिळ्याला अडकवली.

"क्रेसेन्सिया," तो म्हणाला, "मासायाला माझा आजारी भाऊ कधी नव्हताच. ही होती. माझी थोरली लेक."