पहिला सॅल्यूट

“मी कुणाला सॅल्यूट-बिल्यूट करणार नाही,” युसेबियो आजोबा म्हणाले आणि जेवणासाठी मक्याच्या कणसाच्या सालींवर पीठ थापत राहिले.

त्यांची नात मारिसेला स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर उभी होती. बाहेर, सॅन अँटोनियोतल्या त्यांच्या चिमुकल्या अंगणात, सैन्याकडून आलेल्या मेजर बाई झेंडा लावून तयार होत्या. थोड्याच वेळात तिची अधिकारीपदाची शपथ. मेडिकलच्या चार वर्षांचा खर्च सैन्य उचलणार. त्या बदल्यात डॉक्टर झाल्यावर चार वर्षं नोकरी, सैन्य धाडेल तिथे. मग ते इस्पितळ असो नाहीतर रणांगण. शपथ झाली की नव्या अधिकाऱ्याला पहिला सॅल्यूट एखाद्या जवानाने करायचा आणि अधिकाऱ्याने त्याच्या हातावर चांदीचा डॉलर ठेवायचा, ही जुनी रीत. आजोबा व्हिएतनामच्या लढाईत जखमा बांधणारे साधे जवान होते. त्यांनीच तिला लहानाचं मोठं केलं होतं. त्यांनी मान डोलावल्याशिवाय पुढे पाऊल टाकणं तिच्या जिवावर आलं होतं.

“मला तुमचाच सॅल्यूट हवाय, आजोबा.”

“तुला डॉक्टर व्हायचंय की शहीद?”

“डॉक्टरच. पण आपल्यासारख्यांना दुसरा रस्ता कुठाय?”

“मलाही हेच सांगितलं होतं. म्हणे, ट्रक चालवायला शिकवू. शिकवलं काय, तर पोट फाटलेल्या पोराशी गोड बोलायला.”

अजून माघार घेता येईल, असं मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. ती बाहेर गेली.

अंगणातल्या पेकनच्या झाडाखाली तिने उजवा हात वर केला. मेजर बाई एकेक वाक्य सांगत गेल्या, ती म्हणत गेली. शेवटचा शब्द तोंडातून निघाला तसं तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं.

मेजर बाई खाकरल्या. “लेफ्टनंट, आमचा सार्जंट करील सॅल्यूट. काही अडत नाही.”

सार्जंट पुढे सरकणार, तोच दार उघडलं. आजोबा आले. बोटांना पीठ तसंच. तिच्यापुढे टाचा जुळवून उभे राहिले आणि त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला.

आता तिची पाळी होती. अधिकाऱ्याने उलट सॅल्यूट केल्याशिवाय जवानाला हात खाली घेता येत नाही, हे तिला पाठ होतं. पण हात उठेना. शपथेचे शब्द ती म्हणून गेली होती. हा हात उचलणं वेगळं होतं. उद्या कुठल्या तरी तंबूत कुणी रक्तात पडलेला असेल आणि सगळे तिच्याच तोंडाकडे बघत असतील. डाव्या मुठीतला डॉलर घामाने निसटू लागला. तिला भयंकर भीती वाटली.

म्हाताऱ्याचं कोपर थरथरायला लागलं. हात मात्र कपाळावरून हलला नाही.

“आजोबा, राहू द्या ना,” ती पुटपुटली. “घ्या हात खाली.”

“असं नसतं, मॅडम,” नाकासमोर बघत आजोबा म्हणाले. “तुम्ही हात उचलेपर्यंत आम्ही असेच उभे असतो.”